आप्पांची अकरा अंजिरं

आमच्या घरात संडास आणि न्हाणीघर मिळून एकच खोली आहे आणि माणसं चार. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात कोणाचं किती चुकलं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पावणेसातला आत जायचे. काखेत वर्तमानपत्र, कानावर लाल पेन्सिल. आप्पा अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण छापलेला मजकूर दिसला की अजून त्यांचा हात शिवशिवतो. आत गेल्यावर थोड्या वेळाने "शी, शी" असा आवाज यायचा. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, चला, झालं वाटतं. पण तो उद्गार अग्रलेखातल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी असायचा.

साडेसात वाजले तरी दार बंद. बाहेर खांद्यावर टॉवेल टाकून मी, केस गुंडाळून बायको, आणि दहावीतली आमची लेक. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आठला कुठे ना कुठे कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असतं आणि माझ्या नावाने बोटं मोडत असतं. त्यांना काय सांगणार, की तुम्हाला सोडवणारा माणूस स्वतःच घरात दाराबाहेर अडकलाय. लेकीने आपला मार्ग काढला होता. ती ब्रश घेऊन शेजारच्या काकूंकडे जायची. काकूंनी तिच्यासाठी वेगळा टॉवेलही टांगून ठेवला होता.

"आप्पा, झालं का?" मी दाराला तोंड लावून विचारायचो.

"अर्धं पान राहिलंय."

"पानाचं नाही विचारत मी."

"मग ज्याचं विचारतोयस, ते काय माणसाच्या हातात असतं?"

मी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचो.

आता यातली खरी गंमत अशी की माझी बायको एका मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. तिच्या खोलीबाहेरच्या बाकांवर सकाळपासून माणसं बसलेली असतात. तिने उकडलेला दोडका खा म्हटलं की खातात. एकदा तर एका धिप्पाड ठेकेदाराची बिस्किटं बंद केली, तर तो तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडला. पण बिस्किटं बंद केली त्याने. घरी मात्र पिकतं तिथे विकत नाही. ती आप्पांना खाण्यापिण्याबद्दल काही सांगायला लागली की आप्पा पाण्याचा पेला उचलायचे आणि तिचं बोलणं संपेपर्यंत घोट घोट पीत बसायचे.

आधी असं नव्हतं. आई तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. शेवटचं दीड वर्ष तिचं पथ्य माझ्या बायकोनेच सांभाळलं. आई गेली आणि आप्पा सुनेशी बाकी सगळं बोलायचे, पण खाण्याचा विषय निघाला की गप्प. मी म्हटलं, वय झालं, हट्टी झालेत. हट्टी तर ते आधीही होते, त्यामुळे फरक कळला नाही.

एका रात्री जेवताना बायकोने ताटाशेजारी एक वाटी ठेवली. त्यात तीन सुकी अंजिरं.

"आप्पा, ही रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पाण्यासकट खायची. आठ दिवसांत फरक पडेल."

आप्पांनी वाटीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मला औषध नको."

"औषध कुठे आहे? फळ आहे."

"सुकलेलं फळ म्हणजे निवृत्त झालेलं फळ. घरात एक निवृत्त आहे तेवढा पुरे."

औषधांचं त्यांचं वेगळंच होतं. छापखान्यात औषधांच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची घडीची पत्रकं तपासायला त्यांच्याकडे यायची. त्यामुळे कुठल्या गोळीने काय काय होऊ शकतं याची यादी त्यांना तोंडपाठ होती. साधी डोकेदुखीची गोळी कोणी हातात घेतली तरी ते म्हणायचे, "घे, पण अंगावर पुरळ आणि क्वचित प्रसंगी भास."

दुसऱ्या दिवशी बायकोने रुग्णालयातलं छापील पत्रक आणलं. सुक्या अंजिराचे फायदे, दोन्ही बाजूंनी. आप्पांनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारून परत दिलं. ओळ अशी होती: 'अंजिरात भरपूर जंतुमय पदार्थ असतात.'

"तंतुमय आहे ते, आप्पा. छपाईची चूक आहे."

"असेल. पण तुमचं रुग्णालय स्वतःच सांगतंय, तर मी कशाला वाद घालू?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी भाजी वाढून घेतली.

पण तीही काही कमी नाही. समोरून जमत नाही म्हटल्यावर तिने मागच्या दाराने सुरुवात केली. सोमवारी सकाळच्या लापशीत अंजीर अगदी बारीक चिरून घातलं. मंगळवारी साखरेऐवजी अंजीर वाटून त्याचा केक केला. बुधवारी कोंबडीच्या रश्श्यात घातलं, तेही मिक्सरमधून काढून. केक इतका छान झाला होता की लेकीने तीन तुकडे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी तिला शाळेतून दोनदा वर्गाबाहेर जावं लागलं. आप्पांनी मात्र पहिल्या घासालाच ओळखलं. अंजिराच्या बिया दाताखाली कचकचतात, आणि ज्या माणसाने अडतीस वर्षं चुकीचा अनुस्वार पकडला, त्याच्या दातातून बी कशी सुटेल? त्यांनी लापशीतला एकेक तुकडा चमच्याने काढून कागदी रुमालावर ओळीने मांडला आणि त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल काढून बाजूला ती शेपटीची खूण केली. छापखान्यात त्या खुणेचा अर्थ 'वगळा' असा होतो.

"हे मी उद्या रुग्णालयात दाखवणार आहे," बायको तो रुमाल उचलत म्हणाली. "लोक म्हणतात माझं सगळे ऐकतात."

आप्पा जगात एकाच माणसाचं ऐकायचे. तो म्हणजे आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा सलूनवाला. सगळे त्याला कात्रीमास्तर म्हणत. दोन खुर्च्या, एक लांबडा आरसा, त्याच्यावर टिकल्यांसारखे पाण्याचे डाग. कात्रीमास्तरांना पोटापासून भूकंपापर्यंत सगळ्यातलं कळायचं आणि त्यांचं गिऱ्हाईक मान हलवू शकत नसल्यामुळे कधी कोणी नाही म्हणायचं नाही. आप्पांना मी एकदा विचारलं होतं की त्यांच्यावर तुमचा एवढा विश्वास का. ते म्हणाले, "दर शनिवारी ज्याच्या वस्तऱ्याखाली गळा देतो, त्याच्यावर नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?"

बायकोच्या हे लक्षात होतं. गुरुवारी तिने मला समोर बसवून माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"केस कापून ये."

"आत्ता तर पंधरा दिवसांपूर्वी..."

"कापून ये. आणि ही चिठ्ठी त्यांना दे."

चिठ्ठीत मोजून चार ओळी होत्या. दोन किंवा तीन अंजिरं, रात्री भिजवायची, सकाळी पाण्यासकट. तंतुमय पदार्थ भरपूर, म्हणून पोट साफ. कॅल्शियम, थोडं लोह, पोटॅशियम. सुकल्यामुळे साखर एकवटलेली असते, म्हणून तिनाच्या वर नाही.

कात्रीमास्तरांनी चिठ्ठी आरशाला टेकवून वाचली. "हे मी असंच्या असं बोलायचं?"

"हो."

"मग कोणी ऐकणार नाही," ते म्हणाले. "ह्याच्यात जीव नाही. तुम्ही माझ्यावर सोडा." आणि गरज नसताना माझ्या मानेवरचे केस इतके वर घेतले की पुढचे आठ दिवस मला मागून वारा लागत होता.

शनिवारी आप्पा दाढी करून आले ते हातात कागदी पिशवी घेऊन. पिशवी त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

"अंजीर," आप्पा म्हणाले. "कात्रीमास्तरांचे आजोबा सत्त्याण्णव वर्षं जगले. शेवटच्या दिवसापर्यंत झाडावर चढायचे. रोज अंजीर. रात्री पाण्यात टाकायचं, सकाळी पाण्यासकट खायचं."

"हो का?" बायको म्हणाली.

"पाणी टाकून द्यायचं नाही, बरं का. लोक तिथेच चुकतात."

"बघा," बायको म्हणाली.

"नुसतं शिकून भागत नाही. अनुभव लागतो." हे आप्पांनी माझ्याकडे बघून म्हटलं, पण पाठवलं होतं तिला. तिने तोंडात भाकरी होती म्हणून गप्प राहिल्यासारखं दाखवलं. टेबलाखाली माझ्या पायावर मात्र तिचा पाय जोरात पडला.

चौथ्या दिवशी आप्पा बारा मिनिटांत बाहेर आले. वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आम्ही तिघं रांगेत उभे होतो, आणि कोणाच्याच खांद्यावर टॉवेल नव्हता, कारण एवढ्या लवकर नंबर लागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. लेकीने शेजारी जाऊन काकूंकडचा आपला टॉवेल परत आणला. काकूंना थोडं वाईट वाटलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण नवा भक्त जुन्या पुजाऱ्यापेक्षा कडक असतो. आप्पांनी अंजीर हा विषय हातात घेतला. रोज जेवताना ते आम्हाला अंजिराबद्दल सांगू लागले. त्यात कॅल्शियम असतं म्हणून हाडांना बरं, लोह असतं म्हणून चेहऱ्यावर तजेला, आणि कात्रीमास्तरांच्या मते केसही परत येतात. आप्पांच्या डोक्यावर परत यायला जागा भरपूर होती. बायको शांतपणे ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "असं होय?" एकदा मी तिला स्वयंपाकघरात पकडलं. ती सिंककडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

मग आप्पा स्वयंपाकघरात शिरले. आई असताना त्यांना मीठ कुठल्या बरणीत आहे हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी अंजिरं दुधात उकळत ठेवली आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. ते पातेलं आम्ही आता झाडाला पाणी घालायला वापरतो. दुसऱ्या दिवशी चीज भरून भाजली, ती बऱ्यापैकी झाली. पण मग त्यांनी एक पदार्थ केला, त्याला खरंच सलाम करावा. कांदा अगदी मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतायचा, घाई करायची नाही. त्यात चिरलेलं अंजीर, चार थेंब व्हिनेगर, भरड कुटलेली मिरी. सगळं एकजीव झालं की भाजलेल्या कोंबडीवर पसरायचं. कांद्याचा गोडवा, अंजिराचा गोडवा, आणि मागून मिरी येऊन दोघांच्या कानाखाली वाजवते. बायकोने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आप्पांनी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

अडचण एकच होती. आकडा वाढत चालला होता. तिनाने एवढा फरक पडतो तर पाचाने किती पडेल, असं आप्पांचं गणित होतं. पाचाचे सात झाले. मी दबक्या आवाजात सुचवून पाहिलं की थोडं बेतानं घ्या. ते म्हणाले, "तुला काय कळतंय? तू लिफ्टचं बघ."

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी रुग्णालयाने लोकांसाठी एक व्याख्यान ठेवलं होतं. 'सुकामेवा: समज आणि गैरसमज.' बोलणार माझी बायको. घरात याची वाच्यता करायची नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण पत्रकं रस्त्यावर वाटली गेली आणि एक सलूनच्या आरशावर चिकटलं. रविवारी सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. सलून बंद ठेवून कात्रीमास्तर जिन्याखाली उभे.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"जाणकार माणसं असावीत सभेला," कात्रीमास्तर म्हणाले. "तिथे काहीबाही सांगितलं तर?"

रुग्णालयाचं सभागृह भरलेलं होतं. लोखंडी घडीच्या खुर्च्या, वर कुरकुरणारे पंखे, पुढे टेबलावर काचेच्या बरण्यांत मनुका, जर्दाळू, खजूर आणि अंजीर. आप्पा आणि कात्रीमास्तर पहिल्या रांगेत बसले. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत, दाराजवळ. बायकोची नजर पहिल्या रांगेवर गेली आणि तिने माइक दोनदा तपासला.

ती छान बोलली. फळ सुकलं की त्यातलं पाणी जातं, पण साखर, तंतू आणि क्षार तिथेच राहतात, म्हणून मूठभर सुकं फळ म्हणजे ताटभर ताजं फळ हे लक्षात ठेवायचं. मधुमेह असेल तर विचारल्याशिवाय खायचं नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे फारच जपून. आणि कितीही चांगलं असलं तरी अंजिरं दिवसाला दोन, फार तर तीन.

पहिल्या रांगेत एक हात वर झाला.

"अकरा," आप्पा म्हणाले.

सभागृहात सगळ्यांनी मान वळवली. माझ्या बायकोच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "काय म्हणालात, काका?" ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना काका म्हटलं.

"अकरा अंजिरं. तीन ही संख्या कोणी ठरवली? मी आज सकाळी अकरा खाल्ली आहेत आणि तुमच्यासमोर ठणठणीत बसलोय."

"किती वाजता खाल्लीत?"

"साडेआठला."

बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहाला पाच कमी होते. "काका, तुम्ही जरा कडेच्या खुर्चीवर बसा," ती म्हणाली.

"का म्हणून? मी इथे..." आप्पा थांबले. त्यांनी समोरच्या बरणीकडे पाहिलं, जणू बरणी त्यांना काही म्हणाली. मग ते हळूच, सरळ पाठीने उठले. पदक घ्यायला जावं तसे. "इथे कुठे आहे?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"बाहेर पडून डावीकडे, दुसरं दार," बायको म्हणाली. माइक चालू होता.

आप्पा माझ्या बाजूने गेले, पण मी त्यांना दिसलो नसेन. अडतीस वर्षांत ज्या माणसाने कधी घाई केली नाही, तो दारापर्यंत कसाबसा चालला आणि दाराबाहेर पळाला.

हसू ओसरल्यावर मागून एका बाईंनी विचारलं, "अकरा खायचं त्यांना सांगितलं तरी कोणी?"

"कात्रीमास्तरांनी," कोणीतरी म्हणालं. सगळे त्याच रस्त्यावरचे, कोण कोणाकडे दाढी करतो हे सगळ्यांना ठाऊक.

कात्रीमास्तर ताडकन उभे राहिले. कोणी त्यांच्या ज्ञानाला हसलं तर चालायचं, पण आळ सोसायचा नाही. "मी अकरा म्हटलं नाही," ते म्हणाले आणि खिशातून पाकीट, पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. "हे बघा, लेखी आहे. दोन किंवा तीन. तिनाच्या वर नाही. खुद्द ह्या बाईंनीच चिठ्ठी पाठवली होती मला, सासऱ्यांना सांगा म्हणून. मी त्यांच्याच घरचं त्यांना वाढलं. माझं काय चुकलं?"

मी कपाळाला हात लावला. हात खाली घेतला तेव्हा दारात आप्पा उभे होते, रुमालाने हात पुसत. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आणि तुमचे सत्त्याण्णव वर्षांचे आजोबा?" त्यांनी दारातूनच विचारलं.

कात्रीमास्तर खुर्चीची कड खरवडायला लागले. "ते त्रेसष्टाव्या वर्षी गेले, आप्पा. पण अंजीर आवडायचं हो त्यांना."

बसमधून घरी येताना आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले. बायको दुसऱ्या खिडकीकडे. मी मधे. उतरताना आधाराला मी त्यांना हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

दोन दिवस घरात कोणी अंजिराचं नाव काढलं नाही. पिशवी कपाटात तशीच. सकाळचा वेळ पुन्हा पाऊण तासावर गेला, लेक पुन्हा ब्रश घेऊन काकूंकडे गेली.

मंगळवारी बायकोला सुट्टी असते. माझं काम जवळच्याच इमारतीत होतं, म्हणून दुपारी जेवायला घरी आलो. दार उघडून बूट काढतच होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आप्पांचा आवाज आला.

"सूनबाई, बस जरा."

मी बूट हातात घेऊन तिथेच उभा राहिलो.

"तू त्या न्हाव्याकडून का सांगितलंस?"

"तुम्ही माझं ऐकत नाही म्हणून."

"ऐकत नाही असं नाही," आप्पा म्हणाले. "ऐकवत नाही." नळ टपकत होता. "तुझ्या सासूच्या उशाशी अंजिरांचा डबा असायचा. तू तो उचलून वरच्या फडताळात ठेवलास, आठवतंय?"

"आठवतंय."

"मी तो रोज उतरवायचो. तू कामावर गेलीस की स्टुलावर चढून. रोज अर्धं अंजीर द्यायचो तिला. ती ते अर्धा तास पुरवायची. एकेक बी दाताखाली फोडायची आणि माझ्याकडे बघून हसायची." कागदी पिशवी कुरकुरली. "मग ती गेली. त्यानंतर तू माझ्यासमोर अंजीर म्हटलंस की मला वाटायचं, हिला कळलंय. आज विचारणार. कात्रीमास्तर म्हणाला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, हे अंजीर दुसरं. ह्याचा आपल्या घराशी काही संबंध नाही."

"आप्पा," बायको म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. आईंच्या अभ्र्यावर बिया सापडायच्या. मीच धुवायचे ना अभ्रे."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? अर्ध्या अंजिरात जेवढं पोटॅशियम असतं, तेवढं मी त्यांच्या जेवणातून कमी केलं. बटाटा दोनदा उकळून पाणी ओतून द्यायचे, ते कशासाठी? त्यांच्या पथ्याच्या वहीत रोज लिहिलेलं असायचं. 'सकाळी अर्धं अंजीर, आप्पांकडून.' वही आहे अजून. दाखवू?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण कोणी बाहेर आलं नाही.

"म्हणजे त्याने तिला काही..."

"काही नाही झालं. त्यांचा आजारच तसा होता, आप्पा. त्या अर्ध्या अंजिराने त्यांचा दिवस सुरू व्हायचा. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावलायत, डबा उचलला म्हणून."

"मग तो वर कशाला ठेवलास, एवढं माहीत होतं तर?"

"खाली ठेवला असता तर तुम्ही दोघं अर्ध्यावर थांबला असतात का?"

आप्पा हसले असं मला वाटलं. नाक ओढल्याचाही आवाज आला, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. मी बूट जमिनीवर आपटून, आत्ताच आलो असं दाखवत आत गेलो. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावर कागदी पिशवी होती आणि आप्पा त्यातून अंजिरं काढून वाटीत टाकत होते.

"किती?" त्यांनी सुनेला विचारलं.

"दोन."

त्यांनी तिसरं पिशवीत परत टाकलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात शांतता आली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. आप्पा आता सुनेला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. केळं चालेल का, सालीसकट पेरू चालेल का, काल चाललं ते आज का नाही. रुग्णालयात तिला दिवसातून चार वेळा फोन जातो. रुग्ण समोर बसलेला असतो आणि ती हळू आवाजात म्हणत असते, "हो आप्पा, वांगं चालेल. नाही, देठ नाही." शिवाय बागेतल्या बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्यांनी सांगून ठेवलंय की माझ्या सुनेचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, त्यामुळे रविवारी सकाळी चहाच्या वेळेला आमच्याकडे तीन-चार पोटं आपापल्या तक्रारी घेऊन हजर असतात. परवा बायको मला म्हणाली, "ऐकत नव्हते तेव्हा सुखी होते मी." पण म्हणताना ती आप्पांसाठी पेरूच्या फोडी करत होती, सालीसकट.

कात्रीमास्तरांशी आप्पांनी पंधरा दिवस अबोला धरला. दाढी वाढवली. मग खाज सुटली म्हणून गेले. मी बाजूच्या खुर्चीवर बसलो होतो. कात्रीमास्तरांनी फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर फिरवला, आणि आपल्याला राहवत नाही म्हणून बोलतोय अशा आवाजात म्हणाले, "आप्पा, अंजिराचं राहू द्या. मी सांगतो, खरी चीज आहे अक्रोड. माझे एक चुलत आजोबा होते..."

आप्पांच्या गळ्यावर वस्तरा होता. मान हलवता येत नव्हती. ओठ न हलवता ते म्हणाले, "घरी विचारून सांगतो."